बस्त्यातलं पांढरं लुगडं

(१९३८, नंदुरबार. सुकलालशेठच्या कापडदुकानात रूपचंदच्या लग्नाचा बस्ता चालला आहे. सोबत त्याची आई पार्वतीबाई.)

सुकलालशेठ: रूपचंदभाऊ, परत इचारस. बिनकाठनं? नवरीले?

रूपचंद: बिनकाठाचंच, शेठ. पांढरं, कोरं. बुट्टी नको, जर नको, काही नको.

पार्वतीबाई: शेठ, त्यान्हं ऐकू नका. ते लाल उलगडा, रुंद काठनं.

रूपचंद: आई, मुंबईच्या कलाशाळेत इतकी वर्षं मी काय गवत उपटलं? युरोपातल्या नव्या चित्रकारांनी नक्षी हद्दपार केली. वेलबुट्ट्या गेल्या, साधी रेषा उरली. ते बघून पॅरिसच्या शिंप्यांनी झालरी कापून टाकल्या. तिथल्या बायका आता किती सुटसुटीत दिसतात!

पार्वतीबाई: दिसूत. त्यास्ले कोठे रुक्मिणीना बापना, भिला पाटीलना मांडोमां उभं ऱ्हावानं शे? पोरना अंगवर पांढरं दखं ना, तो तिन्हा हात धरीसन घर लई जाई. मोडनं तुन्हं लगीन.

सुकलालशेठ: आनि माले गावमां कोन दुकान उघडू देई?

रूपचंद: रुक्मिणीला मी समजावीन. रंग म्हणजे आळशी डोळ्यांचे लाड, शेठ. कापड अंगावरून कसं उतरतं, सौंदर्य त्यात असतं. हे बघा, काय डौल आहे! आई, तू हात तर लाव.

पार्वतीबाई: हात काय लावू? अंगवर तेच शे. तुन्हा बाप गया तवयपाईन.

रूपचंद: तसं नाही गं...

पार्वतीबाई: मंग मी तर पॅरिसना आगेच शे. कोनी दखाले उना नई.

रूपचंद: थट्टा नको. पांढरं अशुभ, हे माणसांनी ठरवलं. कापडाला काय ठाऊक? कुणीतरी हे मोडायला हवं.

पार्वतीबाई: पटनं माले.

रूपचंद: पटलं?

पार्वतीबाई: पटनं. शेठ, पांढरं रुक्मिणीले बांधा. आनि लाल माले.

रूपचंद: तुला?

पार्वतीबाई: कापडले काय मालूम? तेच नेसीसन तुले हळद लावसू. सगळास्ना आगे, पहिली मीच. तुले एकलीनी मोठा करा, तवय कोनी म्हने नई, बाई, तू दूर उभी ऱ्हाय.

सुकलालशेठ: वहिनी, च्या मांगाडू का?

रूपचंद: माय, अशी काय करस? लोके काय म्हनतीन?

पार्वतीबाई: उनास का घर, बाबा? इतली येळ मुंबईमां व्हतास.

रूपचंद: ...शेठ, ते लाल दाखवा.

सुकलालशेठ: कोनले?

रूपचंद: रुक्मिणीला.

पार्वतीबाई: रुंद काठनंच दखाडा. आनि ते पांढरं परत ठेवू नका, शेठ. पोऱ्यानी हौसथीन पसंत करेल शे, माले बांधी द्या. हळदले मी दूर उभी ऱ्हासू. दूरथीन त्याना डौल चांगला दिसी.