नानांची गोष्ट आणि कुंदनची जागा

आजच्या सोहळ्याचे अध्यक्ष, मंचावरील मंत्रिमहोदय, सत्कारमूर्ती सुकदेव नाना, आणि हातची कामे टाकून पहूरहून जळगावात आलेल्या बंधुभगिनींनो,

नानांचे शौर्य तुम्हाला पाठ आहे. केळीचा खांब पाठीला बांधून विहिरीत पोहायला शिकलेला हा माणूस नौदलात गेला. एकाहत्तरच्या लढाईत, परक्या किनाऱ्यावर, त्यांची बोट पेटली. पाण्यावर तेल जळत होते. हुकूम आला, मागे फिरा. नाना चार वेळा परत गेले, पाच जण ओढून आणले. पदक मिळाले. दर सव्वीस जानेवारीला ही गोष्ट शाळेत कोणी सांगितली? मी. छाती फुगवून सांगितली. पहिल्या बाकावर त्यांचा नातू कुंदन असे.

तो आज कुठे आहे?

मालवाहू जहाजावर खलाशी झाला. बावीस दिवसांपूर्वी परमुलखात, दुसऱ्यांच्या युद्धात, त्या जहाजावर ड्रोन पडला. सुटकेच्या होडीत कुंदनची जागा होती. पण जखमी आचाऱ्याला एकटे सोडवेना, म्हणून तो मागे राहिला. आईला शेवटचा निरोप पाठवला, ‘माझ्या जागी नाना असते तर गेले असते का?’ तेव्हापासून फोन बंद. जहाज अजून तरंगते आहे, एवढेच कळते. कंपनी म्हणते, कळवू. कचेरी म्हणते, थांबा. किती थांबायचे?

सकाळी मी नानांना आणायला गेलो. त्यांची सून, कुंदनची आई कोकिळाताई दारातच उभी होती. ‘नाना, तुमी परक्याईले काढलं पान्यातून. आपल्या पोराले कोन काढीन?’

नाना खाली बघत म्हणाले, ‘मी त्याले ती गोष्ट सांगाले नव्हती पाहिजे.’

नाना, ती मी सांगितली हो! तुमच्यापेक्षा जास्त वेळा.

गाडीत मी सत्काराचे बोललो, तर म्हणाले, ‘गुरुजी, चौदा शाली झाल्या. थंडीत म्हशीले पांघरतो. आज मले शाल नको, साहेब पाहिजे.’

मंत्रिमहोदय, तबकात शालीखाली नानांचा अर्ज आहे. त्याला पदक टाचले आहे. कुंदन येईपर्यंत ते त्यांना घरात नको. दिल्लीच्या परराष्ट्र खात्याचा नंबर अर्जावर ठळक लिहिला आहे. तो आत्ता, या मंचावरून लावा, एवढीच भीक मागतो.

बोलण्यात मर्यादा सुटली असेल, तर या म्हाताऱ्या मास्तराला पदरात घ्या. ऐकून घेतलेत, सर्वांचा ऋणी आहे.

आणि टाळ्या नकोत. साहेबांनी फोन कानाला लावला आहे. पलीकडचे ऐकू येऊ द्या.