दोन माणसांचं मशीन

अकोल्याहून अमरावतीला निघालेल्या बसमध्ये सत्यभामाबाईंचे डोळे मिटलेले होते, पण कान मागच्या सीटवर होते. तिथे लॅबमधले नितेश आणि प्रणाली नव्या मास स्पेक्ट्रोमीटरवरून वाद घालत होते.

“रोज शेकडो बाळांचं रक्त तपासाले येते, नितेश. लहान मशीन घे. ते भराभर काम करते, अन् एकच माणूस पुरते.”

“मले मोठंच पायजे.”

“कावून? त्याले तर दोन माणसं लागतात!”

“म्हणूनच.”

“पण मी तर पुण्याच्या नोकरीले चालली.”

“मोठं घेतलं, तर थांबशीन?”

“माह्यासाठी बाळांचे रिपोर्ट अडकवतं काय? लहानच घे. अन् मले जे विचाराचं, ते सरळ विचार.”

“लग्न करतं माह्याशी?”

“मावशी, बडनेरा आलं, उतरा!” कंडक्टर ओरडला.

“थांब ना बापू,” सत्यभामाबाई म्हणाल्या, “पोरीले बोलू तर दे!”