काकांची अचकन आणि काकूंचं तूप

अरे भिया, तूप सोडतोस? आधी आमच्या काकांचं ऐक. मध्यभारताच्या जमान्यातली गोष्ट. मुलीचं लग्न तोंडावर आलं आणि काकांच्या होळकर दरबारातल्या अचकनीची बटणं लागेनात. डॉक्टर म्हणाले, "जेवताना दोनच पोळ्या." नवऱ्याला साथ म्हणून काकूही दोनच खायला लागल्या. महिन्यानं काका जसेच्या तसे, आणि काकूंना मात्र स्वतःच्या लग्नातली चोळी बसली!

डॉक्टर चक्रावले. "वहिनी, पोळ्या तर दोघांच्या सारख्याच ना?"

"हो, पण हे बिचारे अर्धपोटी उठतात, म्हणून माझ्या वाट्याचं तूपही मी यांच्याच पोळ्यांवर ओतते."

काका खूश! म्हणाले, "डॉक्टरसाहेब, इलाज एकदम बढिया! लग्नात अचकन आता हीच घालेल."