यात देश कुठाय?

नाही, नाही, तुम्हीच सांगा, पालीला घाबरून टेबलावर चढणारा माणूस सीमेवर जातोच कसा? कवितेत हो! आमच्या ऑफिसच्या वार्षिक अंकात! यंदाचा विषय देशभक्ती, आणि तो जाहीर झाल्यापासून सगळं ऑफिस नुसतं पेटलंय. स्टोअरकीपर, तोच तो पालवाला, छातीवर गोळ्या झेलतोय. टायपिस्टबाईंना बोटाला टाचणी टोचली तर चक्कर येते, पण कवितेत रक्ताचे पाट! आणि कॅशियर... जाऊ द्या! लिफ्ट बंद पडली की हा गृहस्थ रजा टाकतो, आणि इथं डोंगरामागून डोंगर चढतोय!

तर तुम्हाला सांगतो, मीही लिहिलं. माझ्या वडिलांवर. वडील पाणीखात्यात चावीवाले. म्हणजे ती लांबलचक लोखंडी चावी घेऊन निघायचं, रस्त्यातलं झाकण उघडायचं, चावी फिरवायची की एका गल्लीला पाणी. पुढं जायचं, पुन्हा फिरवायची, की दुसऱ्या गल्लीला. जन्मभर हेच. आणि आमच्या स्वतःच्या गल्लीला? सगळ्यात शेवटी! का? तर कुणी म्हणायला नको, चावीवाल्यानं आधी आपलं घर भरलं! आई करवादायची, "अख्ख्या गावाला पाणी पाजा, आणि माझ्या बादल्या कोरड्या! लोक अंघोळी करून कामाला गेले, माझी पोरं अजून पारोशी!" पण बाबा तोवर चावी खांद्यावर टाकून पुढच्या गल्लीला निघालेले असायचे.

आता बाबा थकलेत. एक कान गेलाय, दुसरा जायच्या बेतात. खिडकीशी बसतात आणि मध्येच म्हणतात, "काय केलं रे मी आयुष्यात? नुसती चावी फिरवली." म्हटलं, हा कान आहे तोवर यांना यांचं आयुष्य छापून आणून वाचून दाखवायचंच.

नेऊन दिलं हेडक्लार्ककडे. तेच संपादक. वाचलं, चष्मा कपाळावर ढकलला, "छान आहे हो. पण यात देश कुठाय?"

म्हटलं, साहेब, हा काय, बादल्या घेऊन रांगेत उभा आहे!

"तसा नाही हो... मोठा देश. जरा धगधगता."

घरी आलो, घातला झेंडा. बाबा झाकण उघडण्याआधी झेंड्याला सलाम ठोकतात. प्रत्येक झाकणाला! "बरंय," हेडक्लार्क म्हणाले, "पण यात देश कुठाय? शत्रू नाही, काही नाही." घातला शत्रू! पाण्यात विष कालवायला येतो, तोंडाला फडकं बांधून. "आता जमतंय! पण शेवटी हा माणूस घरी जाऊन जेवतो? अहो, पोटभर जेवणारा माणूस देशभक्त वाटेल का?" म्हणजे, आलं ना लक्षात? बापाला मारा म्हणत होते!

बायको खांद्यावरून वाचत होती. "अहो, बाबा आत चहा पितायत, आणि तुम्ही इथं त्यांचा जीव घेताय?" म्हटलं, गप बस गं, छापून यायचंय! शेवटी चावीला मिठी मारून, छातीवर वार झेलून, मारलं एकदाचं. हेडक्लार्कच्या डोळ्यांत टचकन पाणी! पहिलं बक्षीस! पालवाला तर माझ्या गळ्यात पडून रडला.

अंक घेऊन धावत घरी. बाबांच्या चांगल्या कानाशी बसलो आणि घसा फोडून वाचलं, सगळ्या गल्लीनं ऐकलं. बाबा डोळे पुसायला लागले. मला वाटलं, जिंकलो!

"मोठा माणूस रे," म्हणाले. "कोण होता?"

"अहो बाबा, तुम्ही! हे तुम्हीच!"

"शुद्धीवर आहेस ना? तो मेलाय."

"ते... ते नुसतं लिहायला हो! पण चावी तुमची, गल्ली आपली..."

"म्हाताऱ्याची चेष्टा करतोस होय रे? त्यानं देशासाठी जीव दिला. मी काय केलं? चावी फिरवली. त्यात कसला आलाय देश?"

आता बोला! हेडक्लार्कशी भांडता तरी येतं, बापाशी काय भांडू? अंक मिटला, माळ्यावर टाकला. आणि पुढच्या वर्षीचा विषय काय ठरलाय, माहितेय? मातृप्रेम! आईला आजच सांगून टाकलंय, घाबरू नकोस, मी लिहिणार नाहीये.