टिचकी

काबूलला वखारीत लाकडांसाठी रांगेत उभा होतो. पुढचे म्हातारबाबा तुतीच्या एकेका ओंडक्याला टिचकी मारून कान लावत होते. वखारवाला वैतागला.

“काकाजान, कलिंगड घेताय का? चुलीतच घालायचंय ना?”

“जन्मभर तुतीच्याच लाकडातून रबाब कोरले, बाबा. बोटं ऐकत नाहीत.”

“आता वाद्यांवर बंदी आहे. विसरा तो रबाब.”

“बंदी इथं. त्याची लेक हिंदुस्तानात दिलीय. सरोद म्हणतात तिला. सुखात नांदतेय.”

“लेक सुखात, आणि तुम्ही इथं कुडकुडताय! हा घ्या, कसा खणखणीत वाजतोय.”

“तो राहू दे.”

“का? चांगला वाळलाय की!”

“म्हणूनच म्हणतो, राहू दे. मला बद्द वाजणारा दे. जाळायचाय.”