कौसल्येची सुईण

बायजा : काढ गो ते बूट, नले. दोनदा पडलीस ओटीवर. आता पडलीस तर घोटाच मोडशील. ये अशी, माझ्या मांडीला लागून बस. दत्तू, तू बी उतर झोपाळ्यावरनं नि सरक जवळ. तुम्हा बापलेकींना येक कथा सांगते. ती ऐका, नि मंग बूट घाला नायतर खाडीत टाका. मी पुन्हा तोंड उघडणार न्हाय.

दत्तात्रेय : अक्का, तू तोंड उघडणार नाहीस हीच मोठी कथा झाली! अगं, उद्या सकाळी हिला अलिबागच्या सूतिकागृहात हजर व्हायचंय. कमिटीने स्पष्ट कळवलंय, शिकलेल्या नर्सने उंच टाचेचे बूट घालूनच कामावर यावं. चालायची सवय नको का व्हायला?

नलू : मुंबईच्या इस्पितळात मी सगळं शिक्षण सपाट बुटांवर केलं, बाबा. दिवसभर उभं राहायचं, जिने चढायचे, बाळंतिणीला दोन्ही हातांनी उचलून खाटेवर घ्यायचं. कुणी माझ्या टाचा पाहिल्या नाहीत.

दत्तात्रेय : तिथं शिकाऊ होतीस. इथं नर्सबाई होणार. कमिटीचे चिटणीस मला स्वतः म्हणाले, "दत्तात्रेयराव, टाच वाजली की माणसं आपोआप अदबीनं उभी राहतात."

नलू : आणि नर्स आपटली की?

दत्तात्रेय : हा चेष्टेचा विषय नाही, नलू.

नलू : चेष्टा कोण करतंय? बाबा, ही नोकरी गेली तर मला रोह्याला सासरी परत जावं लागेल. ते गेल्यापासून त्या घरात चुलीमागे मी कशी राहिले ते मला माहीत. म्हणून तर सकाळपासून पडतेय आणि उठतेय. पण भीती वाटते हो. उद्या बूट घातले आणि हातात कुणाचं मूल असताना तोल गेला तर? आणि नाही घातले तर दारातूनच परत.

बायजा : हेच माझ्या राहीपुढं व्हतं. हेच! आता ऐका. रामरायाच्या पायाशी माथा ठेवते नि सुरू करते. माझं सासर ते खाडीकाठी, तुम्हाला ठावं हाय. मानमोडीच्या तापाची साथ गाव झोडपून गेली, तवा येका शेटनं आमच्याकडं धर्मार्थ दवाखाना काढला. त्यात नर्स म्हणून आली राही. पनवेलकडची. सावळी, ठेंगणी, नि हसली की समोरचा माणूस आपलं दुखणं विसरायचा.

दत्तात्रेय : ठेंगणी होती ना? मग तिला तर टाचा हव्यातच.

बायजा : गप रे. तिला कुणी बूट घाला म्हटलं नव्हतं पयल्यांदा. अनवाणी यायची, दारात पाय धुवायची, आत जायची. पण खोताच्या घरी सुनेचं बाळंतपण निघालं नि तिथं काय झालं, तर राहीला बसवलं मागल्या दारी, सखुबाईच्या शेजारी.

नलू : सखुबाई कोण?

बायजा : गावची सुईण. अर्धं गाव तिच्या हातात पडलेलं, नि ती बसायची गोठ्याच्या कडेला. राहीला बी तिथंच बसवलं, करवंटीत चहा दिला. ते कळलं दवाखान्याच्या रावजीला. रावजी म्हंजे शेटचा माणूस, कारभार सगळा त्याचा. तो तापला. म्हणाला, "माझ्या नर्सला सुईण समजतात? उद्यापासनं उंच टाचेचे बूट घालायचे. सरकारी मड्डमसारखे. बूट असले की नर्स, नसले की सुईण."

दत्तात्रेय : चुकीचं काय बोलला? बाईमाणसाची विद्या कपाळावर दिसत नाही. कुठंतरी दिसावी लागते.

बायजा : व्हय बाबा, नि दिसली बी. खोटं कशाला बोलू? राही बूट घालून टॉक टॉक करत खोताच्या दारी गेली, तर खुर्ची आली बाहेर. कपबशीतनं चहा आला. आणि तुला सांगते नले, बूट देखणे व्हते. काळे कुळकुळीत. राहीला आवडायचे. येकदा मला म्हणाली, "बायजाक्का, यांतून जगाकडं बघितलं की जग थोडं खाली दिसतं."

नलू : मग तक्रार कशाची होती?

बायजा : सारवलेल्या जमिनीची! खोताची कारभारीण म्हणायची, "नर्सबाई येऊन गेल्या की ओटीला चाळणीसारखी भोकं." आणि दुसरं म्हंजे बाळंतिणीच्या खोलीत वाहाण घेऊन कोण जाऊ देईल? दारात बूट काढायचे, त्याला ही येवढी लांब नाडी, आत बाई ओरडतेय नि ही उंबऱ्यावर बसून गाठ सोडतेय. पण खरी गोष्ट निराळीच. राहीला खुर्ची मिळाली नि सखू राहिली समोर गोठ्याशी, खाली जमिनीवर. दोघी येकाच कामाला आलेल्या. राही म्हणायची, "अक्का, मी खुर्चीवर बसले की मला सखुबाईंच्या डोक्यावरचा भांग दिसतो. त्यांच्या डोळ्यांत बघता येत नाही."

दत्तात्रेय : हं. हे... ठीक आहे. पुढं?

बायजा : पुढं आली रामनवमी. रामाच्या देवळात चांगदेवबुवांचं जन्माचं कीर्तन. काय सांगू त्या माणसाचा गळा! उभा राहिला की वाटावं नारदानं आपली वीणा यालाच सांभाळायला दिलीय. मंडप खचाखच. पाळणा फुलांनी सजवलेला. मध्यान्हीला राम जन्मायचा, तोवर बुवांनी कौसल्येचे डोहाळे लावलेले. राही माझ्याच बाजूला, हात जोडून. आणि तेवढ्यात मिठागरावरचा मजूर बुधाजी धावत आला. पार धापा टाकत. म्हणाला, "नर्सबाई, माझी बायको ठमी अडलीय. सखुबाईनं धाडलंय. म्हणाली, मूल आडवं हाय, येकटीच्यानं व्हणार न्हाय, राहीला घेऊन ये."

नलू : आडवं! अरे देवा. किती वेळ झाला होता?

बायजा : ते राहीनं बी तसंच विचारलं, नि उत्तराची वाट न बघता उठली. देवळाबाहेर वाहाणांचा हा ढीग. गावभराच्या. त्यात तिचे बूट. रावजी पुढं बसलेला, तो तिच्या मागनं बाहेर आला. म्हणाला, "बूट घाला, नर्सबाई. असल्याच घरी बूट लागतात. अनवाणी गेलात तर तुम्हाला सुईण म्हणतील." आणि राही काय म्हणाली ठावं हाय?

नलू : काय?

बायजा : "म्हणू देत, रावजी. सुईणीनंच बोलावलंय मला." येवढं बोलून पदर खोचला नि पळाली बांधावरनं. चैत्राचं ऊन, दत्तू! मिठागराचा बांध म्हंजे तापलेला तवा, त्यावर मिठाचे खडे. आणि आमचा रावजी, उपरणं सावरत, बाईमाणसाचे बूट दोन हातांत धरून मागनं ओरडतोय, "नर्सबाई, बूट! अहो, बूट!" सगळा मंडप वळून बघतोय.

दत्तात्रेय : (हसू आवरत) बिचारा.

बायजा : बिचाराच. मनानं वाईट नव्हता, तुझ्यासारखाच. बरं, इकडं बुवा. त्यांनी सगळं पाह्यलं. पेटीवाल्याला हातानं खूण केली नि डोहाळे पुन्हा पयल्यापासनं धरले. कौसल्येला कैरी दिली, चिंच दिली. मंग शहाळं. मंग फणसाची भाजी. मंग घावन. लोक येकमेकांकडं बघायला लागले. सूर्य डोक्यावरनं कलला. आणि बुवांनी कौसल्येला थंडीतली, मडक्यात भाजलेल्या शेंगांची पोपटी खाऊ घातली!

नलू : चैत्रात पोपटी? अयोध्येत?

बायजा : आमच्या म्हातारीनं बी तसंच विचारलं मोठ्यानं! बुवा म्हणाले, "आजी, डोहाळे ऋतू विचारून लागतात का?" आणि मंडप हसला. पण भटजी काही हसेनात. ते उठून उभेच राह्यले. "बुवा, मध्यान्ह टळली! मुहूर्त टळला! जन्म लावा!"

दत्तात्रेय : बरोबर आहे. रामजन्माचा मुहूर्त म्हणजे मुहूर्त.

बायजा : बुवांनी टाळ खाली ठेवले. मला अजून दिसतात ते. हलक्या आवाजात म्हणाले, "भटजीबुवा, कौसल्या अडलीय. सुईण आत्ता बांधावरनं धावतेय. ती पोचल्याबिगर माझ्या तोंडून जन्म कसा निघेल? आज राम आधी मिठागरावर जन्मणार. मंग इथं." आणि पुन्हा डोळे मिटून कौसल्येची वेदना गायला लागले. त्या गाण्यात शब्द कमी नि कळ जास्त. मंडपातल्या येकूनयेक बाईनं हात जोडले. भटजी खाली बसले. मग त्यांनी बी जोडले.

नलू : आणि तिकडं? आत्या, राहीबाईंनी काय केलं? मूल फिरवलं का? आतून की वरून?

बायजा : मी काय तिथं व्हते? पण सखू सांगायची. राहीचा हात आतनं, सखूचे पोटावरनं. राही म्हणायची "आता", की सखू ढकलायची. राही "थांबा" म्हटली की सखू थांबायची. दोघींनी मिळून मूल वळवत आणलं.

नलू : तसंच करतात. असंच शिकवलंय आम्हाला. आणि ते एकटीनं होत नाही, आत्या. बाहेरचा हात जाणता नसला तर आतला हात काही करू शकत नाही.

बायजा : बघ! मी दहा वेळा ही गोष्ट सांगितली, पण हे मला आज कळलं.

दत्तात्रेय : अगं पण झालं काय? ठमीचं काय?

बायजा : आता कशी घाई झाली! बुवांचा गळा बसत आलेला. तबलजीची बोटं सुजली. आणि देवळाच्या पायरीवर उभा असलेला रावजी, रावजीच बरं का, हातात अजून ते बूट, तो ओरडला, "बुधाजी! बांधावर बुधाजी! मुंडासं हलवतोय!" नि बुवांनी जी उडी मारली गादीवर! "जन्मला!" म्हणून अशी आरोळी, की गुलाल आपोआप उडाला, फुलं कुणी टाकली कुणालाच ठावं न्हाय, शंख, घंटा, सियावर रामचंद्र की जय! आणि मी रडतेय, भटजी रडतायत, रावजी बुटांनी डोळे पुसतोय.

नलू : बुटांनी!

बायजा : उपरणं गळून पडलं व्हतं त्याचं. देवाशपथ.

दत्तात्रेय : मूल जगलं ना?

बायजा : मुलगी झाली. दोघी बऱ्या. संध्याकाळी राही नि सखू देवळाशी आल्या. त्या येईपर्यंत बुवांनी पाळण्याची दोरी कुणाला ओढू दिली नव्हती. राहीच्या पायाला फोड, नि पोटऱ्यांपर्यंत वाळलेला चिखल, म्हणून ती पायरीशीच थांबली. लोक रिवाजाप्रमाणं बुवांच्या पाया पडायला रांगेत उभे. बुवा बाजूला झाले. म्हणाले, "आज पायांचा मान तिकडं हाय." खोताची कारभारीण, जी भोकांवरनं बोलायची, ती पयली वाकली.

नलू : राहीबाईंच्या पायांवर?

बायजा : वाकली खरी. पण राही मागं सरली. सखू तिच्या पाठीमागं लपत व्हती, तिचा दंड धरून राहीनं तिला पुढं आणलं. म्हणाली, "आधी यांचे." मंग खोतीण सखूच्या पायाशी वाकली. गोठ्याच्या कडेला बसवायची ना, त्याच सखूच्या.

दत्तात्रेय : ...आणि नोकरी? राहीबाईंची नोकरी राहिली?

बायजा : रावजीनं नियम काही मागं घेतला न्हाय. मोठेपणा आडवा आला. पण विचारायचं सोडलं. राही बूट घालायची कधी कधी. लग्नाकार्याला, हौसेनं. कामाला न्हाय. आणि खोताकडं पुन्हा गेली तेव्हा तिनं खुर्ची नाकारली न्हाय, दुसरी मागितली.

नलू : दुसरी आली?

बायजा : पाट आला. पण मागल्या दारी न्हाय, ओटीवर.

दत्तात्रेय : अक्का, अलिबागच्या कमिटीत चांगदेवबुवा नाहीत. पोरीच्या पोटाचा प्रश्न आहे. गोष्ट गोड आहे, मी नाही म्हणत नाही, पण...

नलू : बाबा, मी ठरवलंय.

दत्तात्रेय : काय?

नलू : उद्या पांढरे सपाट बूट घालून जाईन. स्वच्छ, चकचकीत करून. मॅट्रनबाईंना कामाला लागायच्या आधीच सांगेन, माझ्या हातात मूल असताना पाय खात्रीचे हवेत. माझी प्रमाणपत्रं बघा, हात बघा. कार्यक्रमाला, पाहुणे आले तर टाचेचे घालीन, तेही मला वाटलं तर. त्यांनी नाही म्हटलं तर दुसरा दवाखाना शोधीन. पण ती टाच माझ्या कामाहून उंच होऊ देणार नाही.

दत्तात्रेय : आणि नाहीच ठेवलं तर? रोहा?

नलू : रोह्याला नाही. ते मी आत्ताच ठरवलं.

दत्तात्रेय : ...बरं. मी येतो बरोबर.

नलू : तुम्ही बोलायचं नाही.

दत्तात्रेय : नाही बोलणार. तुझी पिशवी धरून उभा राहीन. तेवढं तरी करू दे.

बायजा : शाब्बास रे दत्तू. रामराया, माझ्या भावाला बुद्धी दिलीस, तुझे उपकार. नले, आता माझं येकच मागणं.

नलू : सांग, आत्या.

बायजा : राहीची आठवण गाव काढतं. दवाखान्यात तिचा फोटो हाय, हार असतो. सखूचा फोटो कुणी काढला न्हाय. तुझ्या हाती पयलं मूल येईल ना, पोरी, तेव्हा क्षणभर सखुबाईला आठव.