नजर कुणाची?

मुरबाडच्या गुरांच्या दवाखान्यापुढे कमळ आपली लंगडणारी गाय धरून उभी होती. तिच्यापुढे नामा आणि त्याची शेजारीण धोंडीबाई होती. दोघांच्याही गायींच्या कासा सुजल्या होत्या, आणि दोघं तावातावानं भांडत होती.

"तुजीच नजर लागली गो, धोंडीबाय! आधी माजी गाय सुजली."

"आनि माज्या गायीला कुनाची लागली? तुजीच ना? माजं वासरू उपाशी हाय रे!"

"माजी कशी लागंल? तुजा हात मोडला तवापासून तुज्या गायीची धार मीच काढतो ना?"

"काढतोस. पन आधी तुज्या गायीची, मंग माज्या गायीची."

"घरचं आधी नको? पन माज्या गायीच्या सडातून पू आला, तर हात धोतराला पुसतो. मंगच तुज्या गायीला लावतो."

"ते खरं. हाताचा तू सोवळाच हायेस. पन नजर वाईट!"

नामानं हताश होऊन मागं वळून पाहिलं.

"बाय, तुमच्या गायीची कास बरी दिसते. थांबा, सड दाबून बघतो."

"नको, नको, दादा!" म्हणत कमळनं घाईघाईनं गाय वळवली, आणि आपला नंबर सोडून ती रांगेच्या पार शेवटाला जाऊन उभी राहिली.